पाचवा दिवस आणि मखमलीची दोन टोकं

गेले अकरा महिने मी दोन नोकऱ्या करते आहे. एक शिलाईची. ती माझी स्वतःची, घराच्या तळमजल्यावर, पडदे आणि सोफ्याची कव्हरं. दुसरी निरोप्याची, ती माझ्या गळ्यात मारलेली. माझा नवरा आणि माझा धाकटा भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, आणि दिवसभर वावरतात मात्र एकाच छपराखाली. भाऊ माझ्याकडे फोम कापतो, मापं घेतो, गिऱ्हाइकांकडे जाऊन पडदे टांगतो. हे निवृत्त झाल्यापासून वरच्या मजल्यावर बसून मला सल्ले देतात. मग काय विचारता!

"ताई, भावोजींना सांग, जिन्यातली सायकल हलवा म्हणावं."

"अगं, तुझ्या भावाला सांग, सायकल आहे तिथेच राहील."

दोघं चार फुटांवर उभे असतात. मध्ये मी, तोंडात टाचण्या.

भांडण कशावरून, ते आधीच सांगून टाकते, उगाच ताणत नाही. आमचे हे म्हणजे 'सुटलो' म्हणायची भारी घाई असलेला माणूस. स्टेशनची पाटी दिसली की पोचलो. डॉक्टरने नाडी धरली की बरे झालो. आणि क्रिकेटमध्ये तर बघायलाच नको. दोन ओव्हर राहिलेल्या असताना हे हात झटकून म्हणणार, "सुटली मॅच! आता काही होत नाही." आणि पुढच्याच बॉलला दांडी गुल. भाऊ याच्या अगदी उलट. जोडी जमली की हा जागचा हलत नाही. पाय अवघडला तरी मांडी बदलायची नाही, कप उजव्या हातात असेल तर डाव्यात घ्यायचा नाही, आणि चांगलं काही तोंडातून काढायचं नाही. काढलं की गेलंच म्हणून समजा. पंचवीस वर्षं दोघांनी मिळून मॅच बघितल्या त्या अशा. एक बोलायचा, दुसरा त्याच्या तोंडावर उशी दाबायला धावायचा, आणि माझी भावजय दाराशी उभी राहून पोट धरधरून हसायची.

ती भावजय अकरा महिन्यांपूर्वी गेली. ऑपरेशन नीट झालं होतं, नंतर ताप चढला. पाच दिवस इस्पितळात काढले सगळ्यांनी. पाचव्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला आणि बाहेरच्या व्हरांड्यात आमचे हे, सवयीने, भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सुटली! आता काही होत नाही. परवा घरी." पहाटे ती गेली.

भाऊ यांना काही बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता बोलायचा थांबला. एक महिना मी म्हटलं, दुःख आहे, राहू दे. दुसऱ्या महिन्यात म्हटलं, होईल कमी. तिसऱ्या महिन्यात माझं डोकं फिरलं. "अरे," मी त्याला म्हटलं, "कुणाच्या बोलण्याने माणसं मरत असती तर माझ्या बोलण्याने ही अर्धी गल्ली रिकामी झाली असती!" त्याने फोमवर पट्टी ठेवली, रेघ मारली, आणि म्हणाला, "ताई, दीड इंची की दोन इंची?"

आणि आता तो जाणार होता. परवा शनिवारी. माझी भाची, त्याची लेक, लांबच्या शहरात असते, तिने तगादा लावला होता, "बाबा, एकटे राहू नका." घर सोडलं त्याने, खोक्यांना दोऱ्या बांधून झाल्या. मी काही अडवलं नाही. लेकीकडे जातोय, चांगलंच आहे. पण मला हेही कळत होतं की हा असाच न बोलता गेला तर हे दोघं संपले. फोनवर कोण कुणाची समजूत काढणार? पुढच्या भेटी कुणाच्या तरी लग्नातल्या, लांबून मान हलवायच्या. मला एक भाऊ आणि एक नवरा. दोघं दोन गावांत तोंड फिरवून बसलेले मला नको होते. आज गुरुवार होता. उद्याचा दिवस सामानात जाणार. जे व्हायचं ते आजच व्हायला हवं होतं.

आणि देवासारखी मॅच आली धावून. कसोटीचा पाचवा दिवस. पाहुण्यांनी चौथ्या संध्याकाळी डाव घोषित करून सोडलेला, आपल्यापुढे चारशे दहाचा डोंगर. जिंकायचं नाव कुणी काढत नव्हतं. प्रश्न एकच, दिवस काढता येतो का.

हे मॅच बघायचे वर टीव्हीवर, आणि भाऊ ऐकायचा खाली रेडिओवर. अकरा महिने असंच. रेडिओ टीव्हीच्या थोडा पुढे चालतो, त्यामुळे खाली भाऊ "अरेरे" म्हणाला की वर यांना आधीच कळायचं, आणि वरून खुर्ची आपटल्याचा आवाज यायचा. म्हणजे बोलत नव्हते, पण बातमी पोचत होती. हसावं की रडावं!

त्या दिवशी सकाळी हे दाढीला बसले आणि मी भावाकडून वरचा टीव्ही खाली आणवला, कापडाच्या ताग्यांच्या वरच्या फळीवर ठेवला. हे फेस लावलेल्या गालांनी जिन्यात आले. "टीव्ही कुठाय?"

"खाली. आणि तुम्हीही खाली या. पडदा आज संपवायचाय, मला दोन माणसं लागणारेत."

हे खोटं नव्हतं. शाळेच्या सभागृहाच्या रंगमंचाचा पडदा होता तो, तपकिरी-लाल मखमल, आतून अस्तर. दोन भाग, एकेक चोवीस फूट रुंद आणि वीस किलो वजनाचा. एक भाग आदल्या दिवशी कसाबसा उरकला होता. दुसऱ्याची खालची दुमड राहिली होती, आणि त्या दुमडीत वजनाची साखळी शिवायची असते, म्हणजे पडदा फडफडत नाही. असलं धूड मशीनवर एकटीने ओढता येत नाही. मशीनच्या अलीकडे एकाने उचलून सोडत राहावं लागतं, पलीकडे दुसऱ्याने त्याच गतीने झेलत राहावं लागतं. एकाने जरा घाई केली की टीप वाकडी जाते, आणि मखमलीवर टीप उसवली की भोकं दिसतात, ती जात नाहीत. शाळेला पडदा उद्या हवा होता. मी भावाला अलीकडे उभं केलं, यांना पलीकडे. मध्ये मशीन आणि मी. समोर टीव्ही.

भाऊ म्हणाला, "ताई, शेजारच्या सुताराला बोलावतो."

मी म्हटलं, "सुताराला मखमलीची लव कुठल्या बाजूला पडते ते कळतं? उचल मुकाट्याने."

जेवणापर्यंत आपले चार गेले. चहापर्यंत सहा. आम्ही तेवढ्यात साखळी दुमडीत बसवून टाचण्या लावून घेतल्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. टीव्हीच काय तो बोलत होता. आपला विकेटकीपर एका टोकाला उभा होता सकाळपासून, रन बिन काही नाही, नुसता पाय पुढे आणि बॅट खाली. दोनशेवर बॉल खेळला. मला क्रिकेटमधलं फार कळत नाही असं हे म्हणतात. पण न चुकता एकच काम दिवसभर करत राहणं म्हणजे काय, ते मला या दोघांपेक्षा जास्त कळतं.

शेवटच्या तासात आठवा गेला. मग चार ओव्हर राहिलेल्या असताना नववा.  मी पलीकडे बघितलं. यांनी ओठ असे मिटले होते की मिशी नाकाला लागली होती.  हा बडबड्या माणूस अकरा महिने तोंड बंद ठेवून मॅच बघतोय, आणि मला वर जाऊन कधी बघायला सुचलं नाही.

शेवटून दुसरी ओव्हर विकेटकीपरने खेळून काढली, पण शेवटच्या बॉलवर एक रन निघाली नाही. म्हणजे शेवटची ओव्हर आली अकराव्याच्या वाट्याला. हा अकरावा म्हणजे फास्ट बोलर. बॅट अशी धरतो जसं कुणी त्याला धरायला दिली आणि परत घ्यायला विसरलं. समोर त्यांचा लेगस्पिनर, भोवती नऊ माणसं वाकून उभी.

मी मशीन थांबवलं. अजून फूटभर दुमड राहिली होती, पण टीप वाकडी जाण्यापेक्षा थांबलेली बरी. दोघांनी पडदा तसाच हातावर तोलून धरला. खाली ठेवता आला असता, पण जोडी जमलेली असताना भाऊ काही हलवू देणार नव्हता. आणि हे, ज्यांना हा सगळा खुळचटपणा वाटायचा, तेही हलले नाहीत.

पहिला बॉल बाहेर, सोडला. दुसरा बॅटची कड घेऊन स्लिपच्या पुढ्यात पडला. भाऊ म्हणाला, "आई गं." तिसरा अडवला. चौथा बॅटच्या, पॅडच्या आणि यष्टीच्या मधून कसा गेला ते त्यालाच ठाऊक, त्यांचा विकेटकीपरसुद्धा डोक्याला हात लावून बसला. पाचवा पॅडवर. अकराच्या अकरा जण ओरडले, बोलर गुडघ्यांवर बसला, अंपायरने मान हलवली. नाही. त्यांचे रिव्ह्यू कधीच संपले होते. सहावा बॉल वर आला, अकराव्याने पाय टाकला पुढे, बॅट आणली खाली, आणि बॉल त्याच्या पायाशी मेलेल्या झुरळासारखा पडला.

संपलं. अंपायरने बेल्स उचलल्या, सगळे एकमेकांच्या हातात हात द्यायला लागले. त्या अकराव्याला तर मिठ्या पडत होत्या, जसं काही शतक ठोकलंय.

 आमच्याकडे दोघं अजून पडदा धरून उभे. मी म्हटलं, "आता तरी खाली ठेवा, हात तुटतील." ठेवला. दोघांनी एकाच वेळी ठेवला, आणि दोघं दंड चोळत टीव्हीकडे बघत राहिले.

मग यांनी घसा खाकरला. "तुझ्या भावाला विचार," हे मला म्हणाले, "त्या विकेटकीपरने शेवटच्या बॉलवर एक रन का नाही काढली? अकराव्याला समोर आणायची काय गरज होती?"

"ताई, त्यांना सांग, काढणार कुठून? सगळे अंगावर उभे होते. मिडऑफ तर पिचवर यायचा बाकी होता."

"मग त्याला म्हणावं, डोक्यावरून टाकायचा मिडऑफच्या! मागे चिटपाखरू नव्हतं."

"दोनशे चाळीस बॉल खाली खेळलेला माणूस शेवटच्या बॉलला वरून मारेल? ताई, सांग—"

"मी नाही सांगत जा!" मी कात्री टेबलावर आपटली. "माझी दुमड राहिलीय फूटभर. तुमची तोंडं आहेत ना जागेवर?"

मी पडदा स्वतःच ओढला आणि मशीन सुरू केलं. आणि ऐका, मशीनच्या घरघरीत काय झालं ते मला नीट कळलंच नाही. मी साखळीच्या टोकाशी आले, दोरा तोडला, मशीन थांबवलं, आणि भाऊ बोलत होता, "भावोजी, तुम्ही उलटं बघताय! चूक त्यांच्या कॅप्टनची. काल अर्धा तास आधी डाव सोडायला हवा होता. लालची माणूस. चारशे पुरले नाहीत त्याला."

"अर्धा तास आधी सोडला असता तर आपण जिंकायला गेलो असतो आणि सगळे बाद झालो असतो, मेहुणे. आपल्या लोकांना मी ओळखतो."

"म्हणजे त्याने उशीर केला म्हणून आपण वाचलो?"

"अर्थात! आणि त्या पोराने रन काढली नाही म्हणून वाचलो असं तुझं म्हणणं असेल, तर तेही मान्य. पण पाच दिवस खेळून निकाल नाही म्हणून जे रडतायत ना टीव्हीवर, त्यांना आणा इकडे."

"आणा ना! याच्यापेक्षा आणखी काय निकाल हवाय? नऊ गेले आणि दहावा गेला नाही."

मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही. दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत बसले आणि मनातल्या मनात त्या अकराव्याची दृष्ट काढली.

मग भावाच्या लक्षात आलं. मध्येच थांबला. आपण कुणाशी बोलतोय ते आठवलं त्याला.  मला वाटलं, झालं, आता हा चप्पल घालणार आणि निघणार.

तो म्हणाला, "तुम्ही आज बोलला नाहीत."

"काय?"

"नेहमीचं."

"नाही बोललो." हे खाली बघत म्हणाले. "आता कशालाच बोलत नाही. हिला विचार. पाहुणे निघाले तर नीट पोचा म्हणायचीसुद्धा भीती वाटते."

खरं होतं ते. मी बघत होते आणि मला वाटायचं, वय झालं यांचं.

हे स्टुलावर बसले. "तुला एक सांगायचं राहिलंय. तू परवा जाणार, मग कधी सांगू? व्हरांड्यात बोललो ते तू ऐकलंस. त्याच्याआधी मी आत जाऊन तिलाही बोललो होतो. तू औषधं आणायला खाली गेला होतास. ताप उतरलेला बघितला आणि राहवलं नाही मला. म्हटलं, सुटलीस बाई, परवा घरी. तुला कळलं तर तू माझं तोंड बघणार नाहीस म्हणून सांगितलं नाही. तसंही बघत नव्हतासच."

 हे मलाही माहीत नव्हतं. म्हटलं, अहो, एवढं चांगलं चाललेलं असताना हे कशाला उकरलंत!

भाऊ यांच्याकडे वळला. मग म्हणाला, "ती काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, तुमच्या तोंडात साखर पडो भावोजी."

"हसली?"

"नेहमीसारखी. आवाज नव्हता फार, पण हसली."

भाऊ जमिनीवर बसला, मखमलीवरच. माझा उद्याचा पडदा, पण मी काही म्हटलं नाही. त्याचे खांदे हलायला लागले. "भावोजी," तो म्हणाला, "मी पाच दिवसांत एकदाही तिला म्हटलं नाही हो, की तू बरी होशील. एकदाही नाही. रोज उशाशी बसायचो आणि वाटायचं, बोललो तर जाईल. गप्प बसलो तर टिकेल. ती माझ्याकडे बघायची आणि मी सलाइनकडे. मॅच बघावी तसं माणसाकडे बघतात का? तुम्ही बोललात याचा राग नव्हता मला. मी बोललो नाही, त्याचा होता. तो कुणावर काढू?"

हे उठून त्याच्याजवळ जमिनीवर बसले. गुडघे दुखतात यांचे, सहा महिन्यांत खाली बसले नव्हते. यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं आणि रागही आला, दोघांचा. एकाने बोलल्याचं ओझं वाहिलं, दुसऱ्याने न बोलल्याचं, आणि अकरा महिने मी सायकलचे निरोप पोचवत होते.

थोड्या वेळाने भावाने डोळे पुसले. "अजून काय म्हणाली?"

"अजून?" यांनी आठवून बघितलं. "कंगवा मागितला. म्हणाली, घरी जायचं तर अशी भुतासारखी नको. पिशवीत होता, मी काढून दिला. मग तू आलास औषधं घेऊन आणि मी व्हरांड्यात आलो."

भाऊ यांच्याकडे बघतच राहिला.

"मी आत गेलो तेव्हा झोपली होती," तो म्हणाला. "सकाळी बघितलं तर वेणी घातलेली होती. नीट, शेवटपर्यंत. मला वाटलं नर्सने घातली."

"नर्स कशाला घालेल? तिनेच घातली."

"तिनेच?"

"अरे, मी दिला ना कंगवा तिच्या हातात. घरी जायच्या तयारीला लागली होती ती."

 मग भावाने पाय लांब केले, पाठ मशीनच्या पायाला टेकली, आणि म्हणाला, "भावोजी, तुम्ही आत गेलात तिथपासून सांगा. सगळं सांगा."

हे सांगायला लागले. मी उठून टीव्ही बंद केला.